स्वच्छ प्रत

युअन पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या रेनकोटचं पाणी माझ्या टेबलावर ठिबकत होतं आणि तो वडिलांच्या मुलाखतीतल्या शिव्यांबद्दल बोलत होता.

"त्या काढता येतील का? आजी वाचणार आहे."

ब्लफ बंदराच्या वाचनालयात तेव्हा कालवांच्या बोटींवरच्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित होत होत्या. मुलाखती माझी सहकारी हुहाना घ्यायची, ऐकून कागदावर मी उतरवायचे.

"जसंच्या तसं हवं असेल तर खोकला, 'अं', सगळं येतं," मी म्हटलं. "स्वच्छ प्रतीत अडखळणं गाळायचं, अर्थ ठेवायचा. शिव्या दोन्हीत राहतात."

"मग आजीचं काय?"

"तिनं त्या कधी ऐकल्याच नाहीत?"

तो हसला. "आणि माणूस गप्प बसला तर?"

"कंसात लिहायचं, थांबतो."

"कुणाकडे बघत बसला तर?"

"बघणं टेपवर येत नाही."

"बरंय मग…" तो म्हणाला, आणि बघत राहिला.

त्या हिवाळ्यात बोट धक्क्याला लागली की तो थेट माझ्याकडे यायचा. हातांना डिझेलचा वास, खिशात कागदात गुंडाळलेले गरम चीज रोल. एक इअरफोन त्याच्या कानात, एक माझ्या. खांदे चिकटलेले.

"हा हसला ते कसं लिहिलंस?"

"'हसतो.'"

"बस्स? अगं, म्हातारा मॅकाय हसतो तेव्हा बोट हलते."

एकदा धक्क्यावर वारा माझी टोपी उडवायला निघाला. त्यानं ती दोन्ही हातांनी धरली, आणि मग बराच वेळ सोडली नाही… त्यानंतर गावानं आमचं ठरवूनच टाकलं. त्याची आई आयोना रविवारच्या जेवणाला माझी खुर्ची मांडू लागली.

समुद्रापलीकडे पर्थच्या खाणीतून त्याला नोकरीचं बोलावणं आलं ते त्यानंच हसत सांगितलं. "तिकडे पाऊसच नाही. मी करू काय?"

मीही हसले.

हंगाम संपला आणि हुहानानं त्याची मुलाखत घेतली. कोणती प्रत, हे बोलणाऱ्यानं आधी सांगायचं असतं. तो म्हणाला, स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी मी ऐकायला बसले. बोटी, वादळं, वडिलांचा गुडघा. मग हुहाना विचारते, "पर्थचं काय रे? की राहणार इथेच, आमच्या नायरीबरोबर?"

पुढे नुसता पत्र्यावरचा पाऊस. खुर्ची करकरली. कुणीतरी श्वास घेतला, सोडून दिला. "जाऊ दे, पुढचं विचारते," हुहाना हळूच म्हणाली. तेव्हा कुठे तो बोलला, "अं… नाही, म्हणजे… हो. राहणार."

अडखळणं गाळायचं, अर्थ ठेवायचा. इथे काय गाळलं तर काय उरतं, ते मला ठरवता येईना.

संध्याकाळी तो आला. "झालं माझं?"

"एका जागी अडलंय." मी इअरफोन त्याला दिले.

त्यानं मान खाली घालून ऐकलं. "शेवटी हो म्हणालोय ना?"

"म्हणालास."

"मग झालं तर."

"आता टेप बंद आहे, युअन. जायचंय तुला?"

त्यानं माझी पेन्सिल उचलली, परत ठेवली. खिडकीकडे बघितलं. तू म्हणशील तसं — एवढं जरी तो न अडखळता म्हणाला असता तरी त्याचं राहणं मी खरं मानलं असतं.

"तू… तू थांब म्हणालीस तर थांबेन मी."

"आणि मग रोज पर्थ आठवशील."

"तसं नाही गं…"

"मग कसं?"

त्यानं इअरफोनची वायर बोटाला गुंडाळली.

"जा," मी म्हटलं.

त्यानं वाद घातला नाही. घालेल असं मला वाटलं होतं.

प्रत मात्र मी त्यानं मागितली तशीच केली. 'हो. राहणार.' तो पर्थला गेल्यावर ती त्याच्या घरी पोचली आणि पुढच्याच आठवड्यात आयोना माझ्या टेबलासमोर उभी राहिली. कागदावर बोट ठेवून.

"हे बघ. 'हो. राहणार.' एकदाही अडखळला नाही माझा पोरगा." तिचा आवाज चढला नाही. "मग तू काय केलंस गं त्याला?"

टेप माझ्या मागच्या कपाटात होती. हात मागे केला असता तर मिळाली असती.

"मी जा म्हणाले," मी सांगितलं.

ती कागदाची नीट घडी घालून निघून गेली. पुढच्या रविवारी माझी खुर्ची मांडली गेली नाही.