दहा वाजताचा टेस्टिंग कॉल

मी गेले होते मोबाईलच्या दुकानात फोनचं कव्हर घ्यायला, आणि दुकानदाराने पहिल्या दोन मिनिटांत माझा नंबर मागितला.

असे नंबर मागणारे काही कमी भेटत नाहीत. मी भुवई वर केली. पण हा माणूस माझ्याकडे बघतच नव्हता! एका डोळ्याला भिंग लावलेलं, हातात माझा फोन, आणि सगळं लक्ष फोनच्या मागच्या बारीक अक्षरांवर. आमच्या रस्त्यावर त्याला सगळे भिंगवाला का म्हणतात, ते त्या दिवशी कळलं.

"परदेशातला फोन दिसतोय. कुणी पाठवला?"

"दादाने. दोन महिने झाले."

"कॉल येतात?"

"मेसेज येतात. कॉल... हल्ली कुणी करतच नाही."

"म्हणून तर नंबर विचारतोय. सांगता?"

सांगितला. त्याने दुकानाच्या फोनवरून लावला. माझा फोन त्याच्या तळहातावर, रेंजच्या चारही काड्या भरलेल्या — आणि ढिम्म. स्पीकरवरची बाई मात्र गोड आवाजात सांगत होती, की मी संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.

"अहो, मी तर समोर उभी आहे!"

"तेच तर." तो पहिल्यांदा हसला. "तुमच्यापर्यंत पोहोचणं अवघड दिसतंय."

मग त्याने समजावलं. हा फोन इंटरनेट नव्या नेटवर्कवर चालवतो, पण कॉल आला की जुन्या नेटवर्कवर उतरतो. माझ्या सिमच्या कंपनीने जुनं नेटवर्क गेल्या महिन्यात बंद केलं. नव्या नेटवर्कवरून बोलायची सोय फोनमध्ये आहे, पण तिकडच्या कंपन्यांपुरतीच. "थोडक्यात, याला वाचता येतं, पण हाक ऐकू येत नाही."

मला हसू आलं, आणि त्याच क्षणी आठवलं. आई!

आईचा एक डोळा लहानपणीच गेलेला. दुसऱ्याचं बुबुळ वर्षभरात पांढरं पडत गेलं होतं. नेत्रपेढीच्या यादीत तिचं नाव होतं. कुणी दान केलेला डोळा मिळाला, की हॉस्पिटल फोन करणार. तासाभरात "येतो" म्हणायचं, नाहीतर पुढचं नाव. आणि तो फोन येणार होता याच नंबरवर.

त्याच्याच फोनवरून हॉस्पिटलला लावला. "मंगळवारी तीनदा केला होता," सिस्टर म्हणाल्या. "लागलाच नाही. डोळा पुढच्या पेशंटला दिला. तुमचं नाव अजून वरच आहे, पण बाई, या वेळी फोन उचला हो."

मी तिथल्याच स्टुलावर बसले. डोळ्यांतलं पाणी थांबेना. त्याने पाण्याचा ग्लास पुढे ठेवला. मग खिशातून स्वतःचा फोन काढला, कोपऱ्यात तडा गेलेला, आणि सुईने आपलं सिम बाहेर ओढलं.

"हा घ्या, तुमचं सिम यात घाला. याचं सगळ्या कंपन्यांशी जमतं. तुम्ही कंपनी बदलायला गेलात तर आठवडा जाईल, आणि मध्येच फोन आला तर?"

"आणि तुम्ही?"

"माझ्या कंपनीचं जुनं नेटवर्क अजून चालू आहे. माझं सिम तुमच्या फोनमध्ये चालेल. आणि हॉस्पिटलला दुसरा नंबर दुकानाचा देऊन ठेवा."

तशीच हॉस्पिटलात जाऊन दिला. फॉर्मवर नंबरापुढे पेशंटशी नातं लिहायचं होतं. मी "मोबाईलवाला" म्हटल्यावर सिस्टर म्हणाल्या, "हे नातं नसतं." रकाना कोराच राहिला.

घरी आईला सगळं सांगितलं तेव्हा पुन्हा रडू फुटलं. तिने माझा चेहरा हातांनी चाचपला. "रडतेस काय, वेडे? मंगळवारी कुणाला तरी दिसायला लागलं ना? चांगलंच झालं की!" आमची आई अशी आहे. तिच्यापुढे दुःखाचं काही चालत नाही.

दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला फोन वाजला.

"टेस्टिंग. लागला. ठेवतो."

असा रोज. मी पुस्तकं बांधायच्या कारखान्यात कामाला. दहा वाजता माझे हात खळीत बुडालेले असायचे. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "लागला. चहा झाला?"

"हेही टेस्टिंग?"

"आवाज नीट येतोय का बघतोय..."

"येतोय की. अगदी कानापाशी."

पलीकडे काहीतरी खाली पडलं. मग, "बरं. ठेवतो."

तिसऱ्या आठवड्यापर्यंत आवाज तपासायला वीस मिनिटं लागू लागली. आमचे मालक घड्याळाकडे बघून म्हणायचे, "वाजले दहा. आता ही पोरगी उलटी पानं चिकटवणार."

आणि एका बुधवारी फोन साडेअकराला वाजला. हात खळीने माखलेले. मी सरळ नाकाने स्क्रीन सरकवली! "डोळा मिळालाय. येताय ना?" मी ओरडले, "येतो!" आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, त्याला मी फोन लावला.

घरी पोहोचले, तर दाराशी तोच. बाहेर पाऊस, शर्ट भिजलेला, दुकान बंद करून कुणाची तरी गाडी मागून आणलेली. आईचा हात धरून तो तिला तीन जिने उतरवू लागला. "सांभाळून, आता चार पायऱ्या..."

"पायऱ्या मला पाठ आहेत," आई म्हणाली. "तू पडू नकोस."

ऑपरेशन छान झालं. आणि दुसऱ्या दिवसापासून दहाचा फोन बंद झाला.

आठ दिवस मी वाट पाहिली. नवव्या दिवशी तडा गेलेला फोन घेऊन दुकानात गेले.

"टेस्टिंग बंद केलंत?"

"ज्यासाठी होतं, ते झालं ना." त्याने भिंग डोळ्यावर ओढलं. हातात दुरुस्तीला काहीच नव्हतं. "आता उगाच फोन केला, तर तुम्हाला वाटेल... उपकाराची आठवण करून देतोय."

"उपकार आहेतच. जन्मभर विसरणार नाही मी ते. पण दहा वाजले की माझा हात थांबतो ना, तो काही उपकारामुळे नाही."

भिंग हळूच वर गेलं. "मग... कशामुळे?"

"फोन करून विचारा," म्हटलं, आणि त्याचा फोन न देताच निघाले.

वळणापर्यंतही पोहोचले नव्हते, तोच वाजला.

"टेस्टिंग?" मी विचारलं.

"नाही." तो एका दमात म्हणाला. "तू मला फार आवडतेस. पहिल्या दिवसापासून."

"मलाही," मी म्हणाले. "चार दिवस उशिरापासून."

दीड महिन्याने आईला तपासणीला नेलं, तिघं मिळून. डॉक्टर खूश होते. बाहेर सिस्टरनी तोच फॉर्म पुढे केला. "दुसऱ्या नंबरापुढचं नातं राहिलंय बघा."

मी पेन त्याच्या हातात दिलं. कानापर्यंत लाल होत त्याने काहीतरी खरडलं आणि कागद उलटा केला. आईने तो सुलटा केला, नव्या डोळ्याजवळ धरला. किती महिन्यांनी ती काही वाचत होती!

"जा... व... ई," तिने एकेक अक्षर लावलं. मग त्याच्याकडे नीट, डोळे भरून पाहिलं.

"अक्षर वाईट आहे रे," ती म्हणाली, "पण मला दिसतंय."