शुकर, बरंय!

सानोबरनं डॉक्टर एल्मुरोदना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत एका गाईच्या पोटात होता. प्रेमकथेच्या नायकाला उभं राहायला याहून बरी जागा मिळायला हवी होती. पण मर्गिलान शहरातल्या जनावरांच्या दवाखान्यात त्या सकाळी तेवढीच मोकळी होती.

सानोबरच्या हातात रोट्यांची झाकणाची टोपली होती आणि टोपलीत मोश होता. मुगाच्या रंगाचा, मोठ्या डोक्याचा, स्वतःविषयी फार चांगलं मत असलेला बोका. रस्ताभर तो ओरडत आला होता. दवाखान्याच्या दारात अचानक गप्प झाला... आणि सानोबर जवळजवळ धावतच आत शिरली.

तरी रीत ती रीत. आमच्याकडे घराला आग लागल्याचं सांगायला आलेला माणूससुद्धा आधी समोरच्याच्या म्हाताऱ्यांची चौकशी करतो. आणि उत्तर ठरलेलं: शुकर, म्हणजे देवाची कृपा.

"सलाम, डॉक्टर. बरे आहात? दमला नाहीत ना?"

"सलाम. शुकर, बरा आहे." उजवा हात गुंतलेला असल्यानं त्यांनी डावाच छातीवर ठेवला. "तुम्ही बऱ्या? घरी सगळे?"

"शुकर, बरे. तुमच्या आई?"

"शुकर. रेशमाचे किडे काय म्हणतात?" वसंतात आमच्याकडे हे घरोघरी असतात.

"शुकर, छान खातायत."

"आणि टोपलीतले पाहुणे? ते बरे?"

"शुकर," सानोबर म्हणाली, "बरंय."

बोलून गेली आणि तिचं तिलाच कळलं. पण तोवर डॉक्टरांनी मान हलवली होती. "मग बसा जरा. वासरू आडवं आलंय, ते आधी सरळ करतो."

ती बसली. शेजारी एक मेंढा होता, मेंढ्याशेजारी त्याचा मालक. आता काय करायचं? परक्या माणसाला, तेही पहिल्याच भेटीत, "मघाशी मी खोटं बोलले" असं कसं सांगायचं? तिनं टोपलीचं झाकण किंचित उचललं. मोशनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आई-वडील कामासाठी रशियात गेले, त्याच हिवाळ्यात हे पिल्लू तिच्या विणायच्या मागाखाली येऊन झोपलं होतं. तेव्हापासून घरात ती, तिची मावशी महबूबखाला आणि मोश. शिवाय या दिवसांत किडे. तुतीचा पाला खाताना त्यांचा असा आवाज होतो की वाटावं, घराच्या आत पाऊस पडतोय. या पावसापुढे घरात दुसऱ्या कुणाकडे लक्ष द्यायला कुणालाच सवड नसते. म्हणून काल मोश राखेच्या खोक्यात पुन्हा पुन्हा जाऊन बसत होता, जोर करत होता आणि काहीच न करता बाहेर येत होता, हे तिला दिसलं तेव्हा संध्याकाळ झाली होती.

"पोट साफ होत नसेल," खाला म्हणाल्या. "दुंब्याच्या शेपटीची चरबी चाटव."

खालांचा या जाड शेपटीच्या मेंढ्याच्या चरबीवर फार विश्वास. खोकला, सांधेदुखी, बिघडलेला रेडिओ... सगळ्यावर त्यांनी ती लावून पाहिली होती. मोशनं चरबीकडे पाठ फिरवली. रात्री तो मागाखाली नव्हता, सरपणामागे अंग चोरून बसला होता. सारखा शेपटीखाली चाटत होता. सकाळी एकदा ओकला.

टोपलीतून आवाज आला. ओरडणं नव्हे, कुणीतरी दाराआड दात आवळून कण्हावं तसा.

सानोबर उठली. "डॉक्टर, तो बरा नाहीये!"

मेंढ्यानंसुद्धा मान वळवली.

"मघाशी तर..."

"मघाशी मी रीत पाळत होते! तो कालपासून मरतोय!"

डॉक्टर गाईमागून वाकून पाहायला लागले. हात मात्र बाहेर काढता येईना. "बोका आहे? लघवी झाली?"

"लघवी? खाला म्हणाल्या पोट..."

"खालांना राहू द्या. खोक्यातली राख ओली होती?"

सानोबरनं डोळे मिटून खोकं आठवलं. "नाही... कोरडी होती. अगदी कोरडी."

"मागच्या पायांच्या पुढे पोटाला हात लावा. हलकेच. दाबायचं नाही हं!"

तिनं हात लावला. "काहीतरी आहे. लिंबाएवढं. टणक... दगडासारखं."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यानंतर ते वासरू ज्या वेगानं जगात आलं, त्या वेगानं मर्गिलानमध्ये आजवर कुणी आलं नसेल. त्याचा मालक तुर्सुनआका "मुबारक" ऐकायला तोंड भरून हसत उभा राहिला, आणि डॉक्टर साबणानं हात घासत मांजराकडे निघून गेले.

"काय माणूस!" तुर्सुनआका म्हणाले. "माझी एवढी गाय सोडून मांजरामागे धावला!"

"मांजरामागे कशाला धावेल," मेंढ्याचा मालक म्हणाला.

आतल्या टेबलावर मोश टॉवेलात पडला होता. "लघवीची वाट बंद झालीय," डॉक्टर म्हणाले. "बोक्यांची वाट फार बारीक असते, कणभर रेतीनंही बुजते. मग विष रक्तात जातं आणि... उद्यापर्यंत थांबला असतात तर..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. सानोबरला ते पुरं ऐकू आलं.

"नळी घालून मोकळी करावी लागेल. बैलांच्या नळ्या माझ्याकडे ढीगभर आहेत. मांजराची एकच. समरकंदला शिकत असताना घेतली होती, अजून पाकिटात आहे."

"म्हणजे तुम्ही कधी..."

"शिकताना केलंय. मास्तर शेजारी उभे होते." ते थांबले. "आज तुम्ही उभ्या राहा."

भुलीची सुई दिली. मोशचं मोठं डोकं सानोबरच्या तळहातावर हळूहळू जड झालं. नळी थोडी सरकली आणि अडली. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी नळीतून थेंबथेंब सलाइन सोडलं, पुन्हा सरकवली. पुन्हा अडली.

"होईल ना?"

"माहीत नाही."

शहरात आजवर तिला कुणी असं उत्तर दिलं नव्हतं. सगळे "शुकर, होईल" म्हणायचे. का कोण जाणे, पण तिला या उत्तराचाच आधार वाटला. तिनं ओढणीच्या टोकानं त्यांचं कपाळ टिपलं. घाम डोळ्यात गेला तर नळी दिसणार कशी, एवढाच विचार त्यात होता. निदान तिनं खालांना पुढे तसंच सांगितलं.

नळी सरकली. आधी लालसर थेंब आले, मग धार लागली.

दोघं धारेकडे पाहत राहिले. प्रेमिकांनी चंद्राकडे पाहायची पद्धत आहे, ठाऊक आहे. पण त्या चंद्राकडे कुणी इतक्या कृतज्ञतेनं पाहिलं असेल, असं मला वाटत नाही.

"अजून सुटका नाही," डॉक्टर म्हणाले. "नळी आत राहील, सलाइन चालू राहील. नळी काढल्यावर पुन्हा बुजू शकते. त्याला इथंच ठेवावं लागेल."

मोश दवाखान्यात राहिला. सानोबर सकाळ-संध्याकाळ यायची, केसांत तुतीचा पाला घेऊन. आल्याबरोबर डॉक्टर विचारत, "कशा आहात?"

"शुकर, ब..."

"अं हं! इथला नियम काय? विचारलं की खरं सांगायचं. शुकरवर भरवसा ठेवला असता, तर मी एक रुग्ण गमावला असता."

"बरं. दमलेय. किडे झोपू देत नाहीत, आणि डोळा लागला की मोश दिसतो. तुम्ही?"

"मेंढ्यानं लाथ मारली."

"कुठे?"

"ते नियमात बसत नाही."

तिला हसू आलं... आणि लगेच पिंजऱ्याकडे पाहून विरलं. मोश खात नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यानं तिच्या बोटावरून उकडलेल्या मांसाचा रस्सा चाटला, तेव्हा ती रडली. डॉक्टर खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं पाहत उभे राहिले. बाहेर भिंत होती.

मग नळी काढायचा दिवस आला. दुपारपर्यंत वाट पाहिली. मोशनं एक थेंब टाकला नाही.

"इथं मेंढ्यांना भितोय," डॉक्टर म्हणाले. आवाजावरून मात्र ते त्यांचं त्यांनाच पटलेलं दिसलं नाही. "घरी त्याच्या खोक्याजवळ न्या. पाणी ठेवा, खाणं ओलं द्या. संध्याकाळपर्यंत राख कोरडी राहिली तर..."

"तर?"

"तर धावत या."

सानोबर खोक्याशेजारी बसून राहिली. आतल्या खोलीत किड्यांचा पाऊस कोसळत होता. मोश खोक्यात गेला, बाहेर आला. पुन्हा गेला. पुन्हा बाहेर आला. तिनं प्रत्येक वेळी राख चाचपून पाहिली. कोरडी.

ऊन उतरलं आणि फाटक वाजलं. दारात डॉक्टर होते, धुतलेल्या शर्टात.

"तिथंच थांब, बाळा," खाला फाटकातूनच म्हणाल्या. "किडे कोश विणेपर्यंत परक्याची नजर आत नको. बरा आहेस? आई बरी?"

"शुकर, खाला. तुमचे गुडघे?"

"शुकर. दवाखाना?"

"शुकर. मोश..."

तेवढ्यात आतून किंकाळी आली. खालांनी छातीवर हात ठेवला. सानोबर खोकं पोटाशी धरून अंगणातून धावत आली, कोपरापर्यंत राख, डोळ्यांत पाणी. "ओली! डॉक्टर, ओली आहे! हात लावून बघा!"

डॉक्टरांनी फाटकातून हात घातला आणि मोठ्या आदरानं राखेला लावला. ओल चांगली ओंजळभर होती. हात मात्र त्यांनी लगेच मागे घेतला नाही, कारण खोक्याखाली तिची बोटं होती.

"आणि... तुम्ही?" सानोबरनं विचारलं. "बरे आहात?"

"नाही."

खालांनी भुवया वर केल्या. आमच्याकडे या प्रश्नाला असं उत्तर कुणी देत नाही.

"कधीपासून?" सानोबरनं हळूच विचारलं.

"गाईमागे उभा होतो तेव्हापासून."

"लक्षणं?"

"जेवण जात नाही. झोप नाही. आणि..." त्यांनी घसा साफ केला. "रोज संध्याकाळी या गल्लीत येतो, जरा वेळ उभा राहतो, काहीच न करता परत जातो. पुन्हा येतो."

आत किडे खात होते.

"दुंब्याची चरबी चाट," खाला म्हणाल्या. मग त्यांनी भाचीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग धुतलेल्या शर्टाकडे, मग खोक्याखालच्या बोटांकडे. "पण याला ती लागू पडायची नाही. कोश उतरले की ये. येताना आईला घेऊन ये. रोटी आम्ही भाजू."

मुलाची आई रोटी मोडायला येते म्हणजे लग्न ठरतं, हे आमच्याकडे मेंढ्यालाही कळतं. डॉक्टरांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी उजवा हात छातीवर ठेवला. या वेळी तो मोकळा होता, फक्त राखेनं माखलेला. धुतलेल्या शर्टावर पाच बोटं उमटली.

"आणि तुम्ही?" त्यांनी विचारलं. "कशा आहात?"

"शुकर," सानोबर म्हणाली, "बरी आहे."

"नियम..."

"नियमानंच सांगतेय."