दोन नंबरचा रिमोट

हे खोटं ठरावं, असं मला फार वाटतं. पण त्या दुपारी कासिमचाचाही खोलीत होते, आणि आम्ही दोघांनी एकच ऐकलं.

जागा कात्रजचा आमचा फ्लॅट. दुसरा मजला.

आधी गेल्या जूनमधल्या त्या मंगळवारचं सांगते.

अब्बांचं स्वारगेटजवळ टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. ते बंद केल्यावर त्यांनी जुन्या बाजारातून एक व्हिडिओ गेम आणला. जुन्या जपानी मशीनची नक्कल. अशा नकला लहानपणी घरोघरी होत्या. ही जरा विचित्र होती. अगदी मूळ मशीनसारखं हिच्या दोन नंबरच्या रिमोटला स्टार्टचं बटण नव्हतं, आणि त्याच्यावर माइकची जाळी होती.

"आत माइकच नाही," अब्बा हसत म्हणाले होते. "नुसती भोकं. नक्कल करणाऱ्याची हौस बघ."

तरी ते रोज दोन नंबर घ्यायचे आणि त्या भोकांतून कॉमेंट्री करायचे. डाव सुरू करणं, थांबवणं माझ्याकडे.

मंगळवारी सकाळी नऊला रणगाड्यांचा डाव मी मध्येच थांबवला.

"अब्बा, मला उशीर होतोय. आल्यावर खेळू."

"माझ्याकडे स्टार्ट नाही गं, माहू. असाच अडकून बसू का?"

"बसा," मी म्हणाले.

दहाला अम्मी दूध घेऊन परतली. अब्बा सोफ्यावर होते. हातात रिमोट. टीव्हीवर थांबलेला डाव. तिनेच सगळं बंद केलं.

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं.

मी सगळ्यांना सांगितलं, मी नऊलाच निघाले होते.

अब्बा गेल्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर कासिमचाचा ते मशीन बघायला आले. दुकानात ते अब्बांच्या शेजारी दुरुस्तीला बसायचे. अम्मी मामाकडे गेली होती. दुपारचे दोन वाजले होते.

त्यांनी स्क्रू काढले. "बॅटरी नाही. मेमरी नाही. बंद केलं की सगळं विसरतं. माणसांनी शिकावं याच्याकडून."

रिमोटही उघडला. भोकांमागे काहीच नव्हतं.

सगळं परत बसवून त्यांनी मशीन चालू केलं. गेमची यादी यायला हवी होती...

थांबलेला डाव आला.

डावीकडे माझा पिवळा रणगाडा. उजवीकडे अब्बांचा हिरवा, विटांच्या भिंतीमागे. त्या सकाळी होता तिथेच.

चाचांनी बंद केलं. परत चालू केलं.

तोच डाव.

मग टीव्हीतून खरखर आली... आणि पंख्याची कुरकुर.

मी वर पाहिलं. आमचा पंखा बंद होता.

"अब्बा, मला उशीर होतोय." माझाच आवाज.

दार लागलं. जिना उतरणारी पावलं. मग बराच वेळ काहीच नाही...

चपला खिडकीपर्यंत घासत गेल्या.

"अजून खालीच दिसते..." अब्बा स्वतःशी म्हणाले. मग मोठ्यानं, "माहू!"

दम लागलेला.

"माहू... वर ये गं..."

सोफा करकरला. त्यानंतर फक्त श्वास.

चाचा माझ्याकडे बघत राहिले. "बेटा, तू तर नऊलाच निघाली होतीस ना?"

मी एक नंबरचा रिमोट हातात घेतला. त्यांनी टीव्हीचा प्लग खेचला.

पडदा विझला नाही.

"चल बाहेर," ते दारातून म्हणाले. मला उठता येईना. स्टार्ट माझ्या हातात होता. दाबला तर तो श्वास थांबेल. नाही दाबला, तर ते असेच...

मी अजूनही तो दाबलेला नाही. प्लग जमिनीवरच पडलेला आहे. त्या खोलीतून आवाज अजून येतो.

त्या दुपारी मी एवढंच केलं. दोन नंबरचा रिमोट उचलला आणि ती भोकं तोंडाजवळ धरली.

"अब्बा, मला उशीर होत नव्हता. कंटाळा आला होता. मी खाली गाडीवर फोन बघत बसले होते. मला वाटलं, डावासाठीच बोलावताय... तुमची हाक मी ऐकली होती."