नाल्यापल्याडची लाइन

कडूबा माझा मामेभाऊ. बरोबरीचा, म्हणून अरे-तुरेतला. हे सगळं त्याच्या तोंडून मी एकदाच ऐकलंय. सांगताना त्याने डावा कान हाताने झाकून धरला होता, शेवटपर्यंत. खोटं सांगणारा माणूस असा बसत नाही. म्हणून मी ते खरं मानतो. तुम्ही काय मानायचं ते तुम्ही ठरवा.

ठिकाण संग्रामपूर तालुक्यातलं, सोनाळ्यापासून फार लांब नाही. गावाचं नाव सांगत नाही, कारण चौकशी अजून मिटलेली नाही. तारीख सतरा एप्रिल, गुरुवार.

आणि वेळ रात्रीची नव्हती...

भर दुपारची होती. दीड वाजला होता.

कडूबा गावात पाणी सोडतो. अठरा वर्षं झाली. आमच्याकडे जमिनीखालचं पाणी खारं. त्यात डाळ शिजत नाही, आणि तेच पिऊन पिऊन माणसांच्या किडन्या जातात. त्यामुळे गोड्या पाण्याच्या योजनेला सरकारी निधी मंजूर झाला, तेव्हा अख्खं गाव नारळ घेऊन जमलं होतं. नवी उंच टाकी उभी राहिली. टाकीच्या पायाशी पाणी सोडायचे-बंद करायचे चार वॉल बसले. तीन गावातल्या गल्ल्यांचे. चौथा नाल्यापल्याडच्या चौदा घरांच्या वस्तीचा.

तो चौथा वॉल कडूबाने कधीच उघडला नव्हता.

"त्याले हात लावू नको," ठेकेदार अर्जुनरावने बजावलं होतं. "टेस्टिंग बाकी हाये त्या लाइनीची."

कडूबाने हात लावला नाही. पुढे वस्तीच रिकामी झाली. कोणी लेकाकडे पुण्याला गेलं, कोणी शेगावला, कोणी वर. मग त्या वॉलची आठवण काढायचं कारणच उरलं नाही.

पण मार्चपासून गावात पाणी पुरेना.

टाकी काठोकाठ भरायची. सकाळी पहिली गल्ली भरायची, दुसरी भरायची, आणि तिसरीत नळ मध्येच फुसफुसायचे. रोज. लाइन कुठेच फुटलेली नाही. रस्त्यावर ओल नाही. मोटर तितकाच वेळ चालते.

मग पाणी जातं कुठं?

ग्रामसभेत तिसऱ्या गल्लीतला हरिओम उठून उभा राहिला. "धाब्यावर टँकर कोण भरून देऊन राह्यलं, हे गावाले समजत नाही काय?" तो म्हणाला. नाव घेतलं नाही. पण सगळ्यांच्या माना कडूबाकडे वळल्या.

कडूबाने सरपंच वंदनाताईंकडे पाहिलं. त्या कागद चाळत राहिल्या.

त्याला सगळ्यात जास्त लागलं ते घरी. जेवताना त्याच्या बायकोने, शालूवहिनीने, भाकरी वाढता वाढता हात थांबवला.

"एक इचारू काय? राग नोका धरू... तुमी खरंच तर नाई ना इकत पाणी?"

तो अर्धं ताट टाकून उठला.

त्यानंतर कडूबालाही सगळ्यांचाच संशय यायला लागला. हरिओमचा, अर्जुनरावचा, पंपावरच्या माणसाचा. रात्री कोणी चोरून वॉल फिरवतं म्हणून त्याने चेंबरच्या झाकणांना कुलपं घातली. चाव्या करदोट्याला बांधल्या.

तरी पाणी कमीच.

सतरा तारखेला तपासणी होती. योजनेचा शेवटचा हप्ता मिळायच्या आधी सरकारी अभियंता येऊन पाहणार, शेवटच्या घराला पाणी पोचतं की नाही. आली ती मंजुश्री मॅडम नावाची तरुण मुलगी. डोक्याला स्कार्फ, पायात धुळीने भरलेले बूट. अर्जुनरावने मंडपात जेवणाची तयारी ठेवली होती. ती तिकडे फिरकलीही नाही. सरळ टाकीकडे आली.

"काका, तुमच्यावर तक्रार आहे," ती म्हणाली. "मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. पाणी कुठे जातं?"

"मले समजलं असतं तं मी बदनाम काऊन झालो असतो मॅडम?"

 ती म्हणाली, "सगळे वॉल बंद करा. टाकी भरलेली आहे ना? बघू."

साडेबाराला कडूबाने तिच्यासमोर एकेक वॉल घट्ट आवळला. चौथा आधीच बंद होता. त्याच्या कुलपावरची धूळसुद्धा हललेली नव्हती. टाकीच्या बाहेर पाण्याची पातळी दाखवणारी रंगवलेली पट्टी आहे, तिच्यावर पाण्याबरोबर सरकणारी खूण. मॅडमने शिडी चढून त्या खुणेशी खडूने रेघ मारली.

दोघं लिंबाखाली बसले.

पाखरू बोलत नव्हतं. वारा नव्हता.

एक वाजता दोघांनी वर पाहिलं... खूण रेघेपासून चार बोटं सरकली होती.

सगळे वॉल बंद. आणि टाकीतून पाणी चाललं होतं.

"टाकी गळते," मॅडम म्हणाली. पण टाकीच्या पायाशी जमीन भेगाळलेली होती. टाचेने उकरली तर नुसता फुफाटा.

कडूबाकडे एक लोखंडी सळई आहे. कमरेइतकी उंच. जुने पाणीवाले तिच्यावरच गळती शोधायचे. एक टोक पाइपावर ठेवायचं, दुसरं कानाच्या हाडाला लावायचं. कुठे पाणी फुटलं असेल तर आत 'सूं...' असा एकसारखा आवाज येतो. अठरा वर्षांत त्याचा कान कधी चुकला नव्हता.

पहिला वॉल. गप्प.

दुसरा. गप्प.

तिसरा. गप्प.

मग त्याने चौथ्याचं कुलूप काढलं. वाकला. सळई टेकवली, डावा कान लावला...

'सूं' नव्हतं.

कोणीतरी पाणी भरत होतं.

आधी पोकळ आवाज. रिकाम्या हंड्यात धार पडते तसा. मग भरत भरत बारीक होत गेलेला. मग काठाशी आलेला. मग नळ बंद केल्याची कर्रर्र...

मधे थोडी शांतता.

मग दुसरा हंडा.

कडूबाच्या पाठीवरचा घाम गार झाला. तरी त्याला पहिल्यांदा आला तो संशयच. कोणीतरी जमिनीखालून चोरून जोड घेतलाय. आज सापडला! त्याने पान्ह्याने पाइपावर दोनदा ठोकलं. टक, टक.

धार थांबली.

तो कान लावून राहिला. स्वतःचा श्वास त्याला ऐकू येत होता.

आणि मग पलीकडून...

टक. टक.

त्याने सळई सोडली नाही. सोडता आली नाही, असं तो म्हणतो. कारण लगेच कोणीतरी खोकलं. कोरडा, लांबलेला, छातीतून उठलेला खोकला. आणि त्यामागोमाग अगदी कानाशी तोंड आणून बोलावं तसं...

"बंद नको करू रे बापा. अजून दोन हंडे राह्यले."

सळई दगडावर पडली. त्या आवाजाने मॅडम धावत आली.

"काय झालं काका?"

 कडूबाने नुसतं सळईकडे बोट दाखवलं. मॅडमने ती उचलली, पाइपावर टेकवली, स्कार्फ बाजूला करून कान लावला. अर्धा मिनिट. कदाचित त्याहून जास्त.

तिने काय ऐकलं, ते तिने कधीच सांगितलं नाही. पण सरळ उभी राहिली तेव्हा तिच्या ओठांचा रंग गेलेला होता. तिने फोन काढला आणि म्हणाली, "जेसीबी बोलवा. आत्ता. ही लाइन मला उघडी करून पाहायची आहे."

अर्जुनराव मंडपातून पळत आला. "मॅडम, त्या बाजूले काऊन खोदता? वस्ती बंद पडली ते. मानूस नाई तिकडं."

"माणूस नसेल. पाइप तर आहे ना? नकाशात आहे."

 अर्जुनराव रुमालाने मान पुसत राहिला.

जेसीबीने वॉलपासून चर धरला. तोवर निम्मं गाव जमलं होतं. हरिओम सगळ्यात पुढे. नवा निळा पाइप मातीतून दिसू लागला. दहा फूट. तीस फूट. पन्नास...

साठ फुटांवर पाइप संपला.

तोंडाला बूच. त्यापुढे पिवळी, कधीच न हललेली माती. नाला अजून दूर होता. नकाशात ही लाइन नाला ओलांडून चौदा घरांपर्यंत गेलेली होती. तिचा निधी आला होता, तिचं बिल निघालं होतं. जमिनीत ती साठ फुटांची होती.

गाव अर्जुनरावकडे वळलं. आरडाओरडा सुरू झाला. त्या गोंधळात कडूबाने खाली उतरून बूच फिरवलं.

आतून पाण्याचा थेंब आला नाही. धूळ पडली. धुळीबरोबर कोळ्याचं वाळलेलं जाळं.

ह्या पाइपातून कधीच पाणी गेलेलं नव्हतं.

मॅडमने वर टाकीकडे पाहिलं. कडूबानेही पाहिलं. खूण अजून एक बोट सरकली होती.

"वस्ती दाखवा मला," ती हळू आवाजात म्हणाली.

दोघंच नाला ओलांडून गेले. वस्तीत दारांना साखळ्या, अंगणात तण. प्रत्येक दारासमोर मात्र सिमेंटचा खांब आणि त्याला चकचकीत तोटी. चौदा. मॅडमने पहिली तोटी हाताने हलवली. खांब पायातून डुगडुगला. खाली पाइप नव्हता. नुसता मातीत रोवलेला.

"फोटोत तर पाणी पडताना दिसतं," ती म्हणाली. "अहवालात आहे तो फोटो. एक म्हातारी हंडा भरते आहे."



"थो फोटो मीच काढून देल्ला मॅडम," कडूबा म्हणाला. "म्हंजे... खांबामागं कॅन धरून मी बसलो होतो. अर्जुनरावनं सांगतलं, म्हनून. कॅनीतून नळी लावली आन धार सोडली. अंबूबाई होती थे. एकटी राहे. किडनीचा तरास, खोकला. तिले वाटलं, खरंच पानी आलं. फोटो झाला, धार तुटली, तं मले म्हने, अजून दोन हंडे भरू दे ना बापा. मी म्हनलं, माय, आता रोजच येनार हाये."

"आता कुठे आहेत त्या?"

"गेली. मांगच्या पोळ्याच्या हप्त्यात."

 मॅडम शेवटच्या घराकडे पाहत होती.

"ते घर त्यांचंच का?"

"हाव. तुमाले कसं समजलं?"

तिने तिथल्या तोटीखाली बोट दाखवलं.

त्या घरापुढच्या तोटीखाली एक दगडी फरशी होती. एप्रिलचं ऊन, पाय पोळावेत असं. बाकी तेरा फरशा पांढऱ्याफटक वाळलेल्या...

ह्या फरशीवर शेवाळ होतं. हिरवं, जाड, ओलं. असं शेवाळ एका दिवसात धरत नाही. त्याला महिने लागतात. आणि शेवाळात हंड्याच्या बुडाचे गोल उमटलेले. एकावर एक. कित्येक.

मॅडमने तोटी फिरवली. कोरडी. खांब हलवला. खाली माती.

दोघं परत आले.

पुढचं थोडक्यात सांगतो. शेवटचा हप्ता अडकला. अर्जुनरावच्या मागे चौकशी लागली. हरिओमने कडूबाची माफी मागितली, शालूवहिनीने मात्र तो विषय परत काढलाच नाही, आणि मला वाटतं कडूबाला ते जास्त जड गेलं. फोटोचा कबुलीजबाब त्याने स्वतः लिहून दिला. वंदनाताईंनी त्याला कामावरून काढलं नाही. मॅडमच्या अहवालात पाणी कमी होण्याचं कारण 'गळती' एवढंच आहे. कुठली, ते नाही. दिवाळीच्या आत तिने बदली मागून घेतली.

पावसाळ्यानंतर ती लाइन खरोखर टाकली गेली. अडकवून ठेवलेल्या हप्त्याचा निधी मंजूर होता, दुसरीकडे वळवता येत नव्हता. नाला ओलांडून पाइप गेला. चौदा तोट्यांना पाणी आलं. वस्तीत राहायला मात्र कोणी परतलं नाही.

तरी कडूबा रोज चौथा वॉल अर्धा तास उघडतो.

तो उघडायला लागल्यापासून तिसऱ्या गल्लीला पाणी पुरतं. ऐन टंचाईतही रिकाम्या वस्तीला पाणी सोडल्याबद्दल गावात एक माणूस तक्रार करत नाही. हरिओमसुद्धा.

मागच्या महिन्यात मी त्याच्याबरोबर गेलो होतो. चौदाही तोट्या पूर्ण सोडलेल्या. अर्धा तास आम्ही नाल्याच्या काठावर बसलो. एवढं पाणी उताराने नाल्यात यायला हवं होतं.

नाला कोरडा होता.

"कडूबा, हे पानी जाते कुठं बे?"

"मले नोको इचारू," तो म्हणाला. "पैसा त्याईच्या नावानं आल्ता. पानी त्याईचं."

मी तिथेच विषय सोडला असता. पण परत येताना ग्रामपंचायतीच्या फलकावर या वर्षीच्या मंजूर कामांची यादी दिसली. त्यात एक काम होतं... नाल्यापल्याडच्या वस्तीत सांडपाण्याची नाली आणि शोषखड्डे.

मी ग्रामसेवकाला विचारलं, तिथे माणूस नाही, मग मागणी कोणी केली?

तो म्हणाला, अर्ज टेबलावर होता. कोणी ठेवला, आठवत नाही. सभेत वाचला तेव्हा सगळ्यांनी हात वर केले.

कडूबाला मी तेच विचारलं. तो म्हणाला, "नवा ठेकेदार असन. खोटं काम काढ्याचे धंदे लोकाईचे."

असेलही. मला तरी तसंच मानायचं आहे.

पण हे बोलताना तो माझ्याकडे पाहत नव्हता. आणि त्याचा डावा हात कानावर होता.