आईचं पसरट ताट

ताईला एकदा, फक्त एकदाच, त्या धबधब्याखाली उभं राहायचं होतं. बेटावरच्या दीपगृहामागे तो कोसळायचा. वडील दिवा सांभाळायचे आणि ताई नि तिचा धाकटा भाऊ त्याच पाण्यात न्हाऊन मोठी झाली. पण धबधबा पावसाळ्यापुरता. उन्हाळ्यात सहलीच्या बोटींना दिसतो तो नुसता काळा कडा. आणि हा पाऊस सरला की ताई लेकाकडे जाणार होती, समुद्रापासून दूर, कायमची. जायचं तर आत्ताच!

मोहीम आखली गेली ताईच्या शिवणकामाच्या दुकानात. कापायच्या टेबलावर तिने खडूने बेट काढलं. बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात हयात घालवलेल्या भावाने खडकांमधल्या फटीवर बोट ठेवलं.

"शिरायला एवढीच वाट. इथे लाटा फुटत असल्या तर परत फिरायचं."

"बघू," ताई म्हणाली.

भावजयीला होडीत पाऊल टाकताच मळमळायचं. तरी तिने पिशवी भरली. "ताई, तुम्ही दोघं तिथे गेलात की लहान होऊन बसाल. परत कोण आणणार? मीही येते."

डिझेल, दोर, ताडपत्री, पाण्याचा कॅन. सगळ्यात शेवटी ताईने आईचं पसरट ताट लाँचमधल्या फळीखाली सरकवलं.

"ताट कशाला? बेटावर पंगत बसवणार आहेस?" भावाने विचारलं.

"असू दे. तिथलंच आहे ते."

सकाळ छान गेली. रिमझिम होती, लाँच संथ डुलत होती, आणि वडिलांचं घोरणं मोठं की भोंगा, यावर दोघं मनसोक्त भांडली. दुपारी मात्र आभाळ फाटलं. वारा उलटा फिरला. एक लाट सरळ आत आली! कॅन गेला, पिशवी गेली, इंजिन गचकलं.

"सुकाणू धर!" भाऊ ओरडला आणि इंजिनाशी वाकला.

ताईने धरलं. हातांना सगळं आठवत होतं. भावजय एकदा ओकायची, एकदा बादलीने पाणी उपसायची. पण थांबली नाही. शेवटी इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं, आणि सुरू झालं!

पावसाच्या पडद्यातून बेट वर आलं. काळ्या कड्यावर पांढरी रेघ. तोच आवाज! पण फटीत नुसता फेस उसळत होता.

"मी घालतो लाँच. डोळे मिटून घालतो," भाऊ म्हणाला.

"मिटूनच घालावी लागेल," ताई म्हणाली.

भावजयीने दोन्ही हातांनी काठ गच्च धरला होता. ताईने ते हात पाहिले.

"वळव."

"ताई, पुन्हा यायला नाही जमायचं."

"माहीत आहे. वळव म्हणते ना."

त्याने वळवली. ताईला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही.

बेटाच्या टेकडीच्या आडोशाला पाणी निवांत झालं, रंगही गढूळ तांबूस. भावजयीला चूळ भरायला पाणी हवं होतं. भावाने बादली बुडवली, चव घेतली आणि थू थू केलं.

ताई डोळे पुसता पुसता हसली. "विसरलास? बादली खोल जाते, खारं घेऊन येते. धबधब्याचं पाणी इथे समुद्रात उतरतं, पण वरच्या वर तरंगतं." किनाऱ्याला लागता यायचं नाही, तेव्हा आई इथेच होडीतून पाणी काढायची. ताई पालथी झाली, ताट तिरपं धरलं आणि दुधावरची साय काढावी तसं वरचं पाणी अलगद उचललं.

भावजयीने चूळ भरली. मग घोट घेतला. "अगंबाई, गोडं आहे!"

ताई पोटभर प्यायली. पुन्हा ताट भरलं आणि सावकाश स्वतःच्या डोक्यावर ओतलं. तोच गारवा, तोच मातीचा वास. ती डोळे मिटून तशीच बसली.

डोळे उघडले तर समोर भाऊ, टोपी काढून वाकलेला.

"मलाही," तो म्हणाला.

ताईने ताट भरलं, आणि साठी उलटलेल्या धाकट्याला न्हाऊ घातलं.