अर्धा क्लच

एका मुलीने आपली गाडी दोर बांधून गॅरेजात ओढत आणवली होती. इंजिन धडधाकट असलेली गाडी लोक सहसा कशीबशी हाकत आणतात. त्यामुळे ही मुलगी उगाच धोका पत्करणाऱ्यांतली नाही, हे मिस्त्रींनी तेव्हाच ओळखले.

गाडीही ओळखीचीच होती. तिच्या छपरावर मोटार शिकवणाऱ्या शाळेची पिवळी पाटी होती आणि शेजारच्या आसनापुढे शिक्षकासाठी आणखी दोन पेडले होती, एक क्लचचे आणि एक ब्रेकचे. शिकाऊ माणूस चुकला की शेजारी बसलेले सर आपल्या पायाखालचा क्लच दाबत. दोन्ही क्लच एका लोखंडी दांडीने जोडलेले असल्यामुळे शिकाऊच्या पायाखालचे पेडलही तळाला जाई. मिस्त्री स्वतः तरुणपणी याच गाडीत शिकले होते. सर जाऊन आता दोन महिने होत आले होते.

"काय होतंय?" मिस्त्रींनी सरांच्या मुलीला विचारले.

"पेडल आपोआप खाली जातं, काका. मी पाय उचलत असते आणि ते उलट खाली जातं. मग तळालाच राहतं."

"किती वेळ?"

"माझा धीर सुटेपर्यंत. मी उतरते, एक चक्कर मारून येते, तोवर वर आलेलं असतं. अगदी साळसूदासारखं."

"साळसूद!" मिस्त्री हसले. "शब्द बरा शोधलास. पण पेडलाला स्वभाव नसतो, पोरी. त्याला वायर असते."

ती मात्र हसली नाही. "सोमवारपासून तिघीजणी शिकायला येणार आहेत. त्यांच्या पायाखाली असं झालं तर? दादा म्हणतो, भंगारात काढ. तुम्ही गाडी ठणठणीत आहे म्हणालात तरच शाळा उघडीन, नाहीतर..." तिने पाटीवरची धूळ पदराने पुसली.

"सर असताना असं कधी झालं होतं?"

"बाबा असताना मी हिला हातही लावला नाही. घरच्या माणसाला ते शिकवतच नसत."

"आणि ते गेले तेव्हा..."

"टाकीच्या चढावर. गाडीतच. एकटे होते." ती चटकन म्हणाली, आणि मग जरा वेळाने, "आपल्या जागेवर बसलेले."

मिस्त्रींनी मान हलवली आणि हत्यारांची पेटी उघडली.

शब्दांच्या बाबतीत ते काटेकोर होते. गाडी रुसली, गाडी लहरी आहे, असे कोणी म्हणाले की त्यांना तो विचार करण्याचा आळस वाटे. डोळ्यांनी पाहिले नाही असे कारण त्यांनी आजवर कोणा गिऱ्हाइकाला सांगितले नव्हते. पेडल तळाला जाऊन तिथेच राहते, याची कारणे मोजकी असतात. वायर आपल्या आवरणात अडकते, पेडल ज्यावर फिरते तो बुश कोरडा पडतो, किंवा पेडल मागे ओढणारी स्प्रिंग मरते. गाडीखालच्या खड्ड्यात उतरून त्यांनी एकेक तपासले. वायर रेशमासारखी सरकत होती. बुशात वंगण होते. स्प्रिंग इतकी ताठ होती की तिने त्यांचे बोट चिमटले.

राहता राहिली ती जोडदांडी. दांडी वाकली असेल, कुठे घासत असेल, या आशेने त्यांनी ती सोडवली आणि शिक्षकाकडचे क्लचचे पेडलही काढून टेबलावर ठेवले. त्याचे रबर एका कडेला झिजून गुळगुळीत झाले होते. दांडी मात्र सरळ होती.

दुसऱ्या दिवशी, आता एकच क्लच उरलेली ती गाडी घेऊन ते बाहेर पडले. बाजारातल्या गर्दीत, वळणांवर, खडीच्या रस्त्यावर, पेडल कुठेही अडले नाही. शेवटी त्यांनी मुद्दाम पाय झटकन काढला. गाडीने आचका दिला, इंजिन बंद पडले, आणि बाकी काही झाले नाही. मिस्त्रींना हसू आले. सरांनाही खोटी चूक बरोबर कळे. तेव्हा ते पेडल न दाबता खिडकीबाहेर पाहत बसत. आणि हा विचार आपल्याला आत्ताच का सुचावा, असे वाटून त्यांचे हसू ओसरले.

चढ तेवढा राहिला होता. पाण्याच्या टाकीकडे जाणारा तो रस्ता सरांचा आवडता. सूर्य कलला होता. धुके आणि चुलींचा धूर यांची राखाडी साय झाडांवर धरू लागली होती. अर्ध्या चढावर गाडी थांबवून पुन्हा पुढे काढायची, हा तिथला धडा. क्लच सोडता सोडता एक जागा येते, जिथे इंजिनाचा जोर चाकांना नुकता लागू लागतो आणि गाडी ना पुढे जात, ना मागे घसरत. सर म्हणत, "हा अर्धा क्लच. इथे थांबता येतं, पण रेंगाळायचं नाही. आतली प्लेट जळते. वास आला, की समजायचं उशीर झाला."

मिस्त्रींनी गाडी थांबवली. गुडघा स्टिअरिंगला टेकत होता. चालकाचे आसन पार पुढे ओढलेले होते आणि ते मागे सारायचे त्यांच्या ध्यानात राहिले नव्हते. इतक्या पुढे बसणारे माणूस ठेंगणेच असणार, म्हणजे ती मुलगीच. ती गाडी चालवत होती खरी, पण सर गेल्यावर. आणि सर इथे गेले ते आपल्या जागेवर बसलेले... एकटे. शिक्षकाच्या आसनावर एकटा बसलेला माणूस या चढावर गाडी घेऊन आला तरी कसा?

त्या विचारात ते पाय उचलायला गेले आणि गुडघा अडकला. बूट पेडलावरून निसटला. गाडीने पुढे झेप घेतली. समोरून एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती.

आणि पेडल खाली गेले.

इंजिन नुसतेच घुमले, चाकांतला जोर नाहीसा झाला, मिस्त्रींनी ब्रेक दाबला. बाई डोळे वटारून निघून गेली. "डोळे काय घरी ठेवलेत?" हे तिचे शब्द धुक्यातून उशिरा पोहोचले.

पेडल तळालाच होते. मिस्त्रींचा डावा पाय त्यावर नव्हता. बुटाचे टोक खाली घालून त्यांनी ते वर ओढून पाहिले. अडकलेली वस्तू जशी कडक लागते तसे ते लागत नव्हते. किंचित दबत होते आणि पुन्हा रेटा देत होते. पलीकडून कोणाचे तरी वजन असावे, तसे. शेजारचे आसन रिकामे होते. त्याच्या पुढे, जिथून पेडल काढले होते, तिथे दोन भोके दिसत होती.

सरांची एक सवय होती. शिकाऊ चुकला की ते क्लच दाबत आणि दाबूनच ठेवत. रागावत नसत. "चुकलं म्हण, मग सोडतो. ज्याला चूक कळली नाही त्याच्या पायाखाली गाडी द्यायची नाही."

मिस्त्रींचे ओठ आपोआप हलले. "चुकलं, सर."

पेडल वर आले. संथपणे, एका लयीत, शिकवलेले असावे तसे.

गॅरेजात मुलगी वाट पाहत उभी होती. उघड्या दाराशी गाडी लावून, किल्ली काढून मिस्त्री उतरले. हात पुसायला त्यांना नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.

"सापडलं का, काका?"

तिच्या चेहऱ्यावरची आशा त्यांना पाहवेना. आणि खरे सांगायचे तर कोणत्या शब्दांत सांगायचे?

"स्प्रिंग मेली होती," ते म्हणाले. "बदलली. सोमवारी खुशाल शाळा उघड."

"खरंच? बाबांची शप्पथ?"

मिस्त्री उत्तर देणार तोच गाडीतून आवाज आला, लोखंडाला लोखंड टेकल्याचा, हलका, ओळखीचा. दोघांनी वळून पाहिले. दार उघडेच होते. रिकाम्या गाडीत क्लचचे पेडल तळाला टेकले होते.

"काका... हे..."

आयुष्यात पहिल्यांदा न पाहिलेले कारण मिस्त्रींच्या तोंडून गेले होते. ते गाडीजवळ गेले, शाळकरी पोरासारखे ताठ उभे राहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "चुकलं, सर. स्प्रिंग चांगली होती."

पेडल हलले. हळूहळू वर येऊ लागले... आणि अर्ध्यावर येऊन थांबले.

मिस्त्री थांबून राहिले. आणखी काही सांगायचे राहिले आहे का, हे त्यांनी मनात चाचपून पाहिले. त्यांच्याकडे काही उरले नव्हते. मग त्यांनी सावकाश मागे वळून पाहिले.

मुलगी भिंतीला टेकली होती. तिची नजर पेडलाकडे नव्हती. ती पुढे ओढलेल्या त्या चालकाच्या आसनाकडे पाहत होती आणि तिने दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरले होते.

"पोरी," मिस्त्री कुजबुजले, "त्या दिवशी गाडी कोण..."

तिने मान हलवली. नाही. नाही.

पेडल अर्ध्यावरच होते. किल्ली मिस्त्रींच्या मुठीत होती, इंजिन बंद होते. आणि गाडीच्या पोटातून, आधी पुसट आणि मग डोळ्यांना झोंबेल असा, जळणाऱ्या क्लच प्लेटचा वास येऊ लागला.