पाचवीला आलेलं

ये, बस अशी दिव्याजवळ. तुझ्या नातवाची पाचवी हाय म्हणल्यावर रातभर जागावंच लागंल, तर ऐक. पर एक सांगून ठेवते, यातलं शेवटचं माझ्या सुनेच्या, राणीच्या कानावर जाऊ देऊ नकोस. लय हळवी हाय ती.

परसाल आमी ऊस तोडायला पार चंदगडाकडं गेलतो, घाटाच्या अंगाला. फडाला लागूनच जंगल, दिवसा बी अंधार. पट्टा पडायच्या, म्हंजी तोडणी संपायच्या टायमालाच राणी तिथल्या दवाखान्यात बाळंत झाली. लेक झाली. चौथ्या दिवशी सांजेला ट्रक निघाला आन पाचव्या दिवशी सकाळी आमी ताडकळसला घरी. सहा महिने बंद घर, कुलूप काढलं तर आत नुसता कोंदट वास. मी झाडून घेतलं आन परमेश्वरला, माझ्या लेकाला, बाजारात पिटाळलं. हळद-कुंकू, नारळ, खारका, एक पेन आन कोरा कागद. पाचवी काही कुणासाठी थांबत न्हाई, बाई.

आमच्यात रीत कडक हाय. पाटा-वरवंटा पुजायचा, कागद-पेन ठेवायचं, दिवा रातभर जागता ठेवायचा आन लेकराकडं पाठ करून बसायचं. सटवाई कपाळावर लिहायला येती, तवा मागं वळून बघायचं न्हाई. बघितलं की लिहिलेलं बिघडतंय. आन लेकरू झोपेत हसलं की सटवाईच हसवती म्हणत्यात.

आता तुला खरं सांगते. राणीच्या पहिल्या लेकराच्या पाचवीला मी वळून बघितलं व्हतं. कोपीत, फडावरच्या आमच्या झोपडीत, मांजर शिरलं असं वाटलं, म्हणून. ते लेकरू तीन महिन्यांत गेलं. चार वर्सं मी हे कुणाला बोलले न्हाई. पोटात दगड घेऊन ऊस तोडला. म्हणून त्या रातीला मनाशी पक्कं केलतं, छत डोक्यावर पडलं तरी मान वळवायची न्हाई.

राणी भिंतीकडं तोंड करून झोपली. लेकरू तिच्या पाठीशी गोधडीवर, पलीकडं दिवा. मी अलीकडं, लेकराकडं पाठ आन दुसऱ्या भिंतीकडं तोंड करून बसले. परमेश्वर बाहेर ओट्यावर. लाइट गेलीच, ती काय आपल्याकडं नवीन हाय व्हय? माझ्या समोरच्या भिंतीवर दिव्याचा उजेड हालत व्हता. लेकराचं नाक चोंदलेलं, सूं… सूं… आवाज यायचा. तेवढ्याच आवाजावर माझा जीव टांगलेला.

बारा वाजून गेले असतील. आधी वास आला. ओल्या पाल्याचा, कुजलेल्या पानांचा. चैताच्या महिन्यात, इथं परभणी जिल्ह्यात, ओला पाला कुठनं? मग बारीक शीळ आली… लय बारीक, कानात सुई घातल्यावानी. मी पदर तोंडात धरला.

आन मग भिंतीवर सावली आली. दोन हात. काड्यांसारखे बारीक, लांब. घाई न्हाई, गडबड न्हाई. एक हात पुढं यायचा, थांबायचा. मग दुसरा. सावली लेकराच्या सावलीवर वाकली. मी डोळे मिटले, मनात सोताला म्हणलं, लिहू दे, कस्तुरा, लिहू दे तिला.

आन लेकराची सूं सूं थांबली.

आता काय करावं, सांग. वळले तर नशीब बिघडंल, न्हाई वळले तर लेकरूच जाईल. सटवाई असो न्हाई तर तिची सासू असो, म्हणलं, आन वळले.

लेकराच्या उशाशी ते बसलं व्हतं. वितभर. शेपूट न्हाई. त्याला तोंड कमी आन डोळेच जास्त, दिव्यात लाल पेटलेले. हाताला माणसावानी पाची बोटं, नखं बी. त्यातलं एक बोट लेकराच्या कपाळावर. त्यानं मान सावकाश फिरवून माझ्याकडं बघितलं.

तोंड माझं कधी गप बसलंय? हळूच म्हणलं, "लिही माय… पर नीट लिही. वळून मी बघितलं, सजा मला दे. लेकराला नको…" आन मग आतलं सगळं फुटलं. "परमेश्वरऽऽ!"

दिवा फडफडला. परमेश्वर मोबाइलची बॅटरी घेऊन धावत आला, तर उशाशी काही न्हाई. लेकरानं मात्र असा टाहो फोडला की बस! नाक मोकळं, आवाज खणखणीत. राणीनं तिला पोटाशी धरलं. मी भुईवरच बसले.

परमेश्वरनं बॅटरी सगळीकडं फिरवली. वरच्या फळीवर कोपीच्या ताडपत्रीचा गठ्ठा व्हता, ट्रकमधनं आणलेला, तसाच बांधलेला. त्यातनं दोन डोळे चमकले. तेच डोळे. "माय," तो हसायलाच लागला, "अगं हे जनावर हाय! घाटातलं, रातचं हिंडणारं. ताडपत्रीत झोपलं असंल, आलं आपल्यासंगं. सटवाईला काय फळीवर ऱ्हायला लागतंय व्हय?"

तुला काय सांगू! हसू का रडू, मला कळंना. दोन्ही झालं. त्याच भरात मी राणीला सगळं सांगून टाकलं, पहिल्या लेकराच्या पाचवीचं. वाटलं आता ही माझं तोंड बघायची न्हाई. तिनं माझा हात धरला. "आत्याबाई, त्याला निमोनिया झालता. डॉक्टरनं मला सांगितलं व्हतं. तुमी येवढी वर्सं हे घेऊन बसलात? आन मी म्हणायचे, आत्याबाई माझ्याशी बोलत का न्हाईत." दोघी गळ्यात पडून रडलो. चार वर्सांनी मी पोटभर जेवले, रातच्या दोन वाजता, पाचवीच्या घुगऱ्या.

सकाळी परमेश्वरनं फोन लावला. जिंतूरहून वनरक्षक आला, योगीराज नावाचा, गुणी पोरगा. म्हणला, "मावशी, ही लाजवंती, माकडाच्या जातीचं बारकं जनावर. गरीब असती, किडे-मुंग्या खाती. परत घाटात सोडू आपण." शिडी लावली, गठ्ठ्यात हात घातला. सुरी मागितली. लय वेळ लागला त्याला. राणी तवा न्हाणीत व्हती.

पिंजरा गाडीत ठेवल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं.

"गठ्ठा कुणी बांधला, मावशी?"

"मीच. निघायच्या सांजेला."

"कमरंवरनं सुतळी आवळलीय हिच्या. मांसात रुतलीय. दोन दिवसांची जखम हाय, वाचली नशिबानं."

मी म्हणलं, "मग रातच्याला खाली कशी आली?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "खाली? मावशी, ती त्या गाठीतनं बोटभर बी हललेली न्हाई."

गाडी गेली. मी घरात आले. राणी अजून न्हाणीतच, पाण्याचा आवाज यायलाय. लेकरू गोधडीवर एकटंच. सृष्टी नाव ठेवलं पुढं तिचं. आता दीड वर्साची हाय, दवाखान्याची पायरी चढली न्हाई अजून. ज्यानं लिहिलं त्यानं चांगलंच लिहिलं म्हणायचं.

पर त्या सकाळी ती डोळे मिटून झोपली व्हती… आन झोपेतच, कुणीतरी गुदगुल्या केल्यावानी, खुदूखुदू हसायली व्हती.